डोक्यावरच्या पत्र्याचा हिशेब



कापसाचा भाव, पीक विमा आणि विजेचे बिल सोडून बैठकीच्या अंकात सिमेंटच्या पत्र्यावर एवढी पाने खर्ची पडलेली पाहून काही कास्तकारांच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्या. भाव ठरतो दिल्लीत आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात. पत्रा आहे आपल्या डोक्यावर. त्याखाली आपण निजतो, बैल बांधतो, वेचलेला कापूस रचतो आणि आपली पोरे त्याखाली बाराखडी गिरवतात. या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या दगडाचा तंतू आहे. तो फुफ्फुसात गेला तर वीस-तीस वर्षांनी माणसाला मारू शकतो. पत्रा विकणाऱ्याने हे सांगितले नाही, अनुदान देणाऱ्यानेही सांगितले नाही. म्हणून आम्ही सांगतो आहोत.

पत्रा घरावर आला कसा

वऱ्हाडात आजोबांच्या काळी घरावर कवेलू होते. दर उन्हाळ्यात ते फेरावे लागत. माकडांची टोळी एकदा छपरावरून नाचून गेली की मृगाआधी पुन्हा तेच काम. फेरणारे कारागीर कमी झाले, मजुरी वाढली, लाकूडफाटा महाग झाला. मराठवाड्यात माळवद होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली, दगडमातीच्या भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे गाडली गेली, तेव्हापासून त्या भागातल्या माणसाने डोक्यावरच्या मातीची धास्तीच घेतली. हलके छप्पर हवे, असे प्रत्येकाला वाटू लागले.

स्लॅब टाकायला पैसा लागतो. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याकडे तो कधी शिल्लक राहिला, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. राहिले दोन मार्ग: टिनाचा पत्रा किंवा सिमेंटचा. टिन मे महिन्यात तव्यासारखे तापते, पावसात ढोल वाजवते, आणि गोठ्यात शेण-मुताच्या वाफेने दहा वर्षांत गंजून चाळणी होते. सिमेंटचा पत्रा त्या मानाने कमी तापतो, गंजत नाही, वाळवी लागत नाही, आणि एका बैलबंडीत गोठ्यापुरते पत्रे येतात. शेतकऱ्याने तो घेतला यात मूर्खपणा काही नव्हता. जेवढे पैसे हातात होते आणि जेवढी माहिती कानावर आली होती, तेवढ्यावर त्याने चोख हिशेब केला. हिशेबातला एक आकडा मात्र त्याच्यापासून लपवून ठेवला होता.

सरकारनेही तोच पत्रा वापरला. जिल्हा परिषदेच्या शाळांचे व्हरांडे, अंगणवाड्या, सोसायटीची गोदामे, जिनिंगच्या जुन्या शेडी, बाजार समितीचे ओटे, एसटीचे थांबे. तालुक्याच्या गावी एक चक्कर मारली तरी पुरे.

आत आहे तरी काय

अ‍ॅस्बेस्टॉस हा खाणीतला दगडच, पण कुटला की त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. आगीत जळत नाही, आम्लाने सहसा विरघळत नाही, ओढून तुटत नाही. सिमेंटमध्ये थोडा मिसळला की सहा मिलिमीटरचा पातळ पत्राही वजन पेलतो. आपल्याकडच्या पत्र्यात त्याचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. बाकी सिमेंट आणि राख.

कापूस पिकवणाऱ्याला तंतूची गोष्ट लवकर समजते. खरेदी केंद्रावर मायक्रोनेअर कमी-जास्त म्हणून आपला भाव पाडतात, त्यावरून धाग्याच्या जाडीला काय किंमत असते ते आपण शिकलो आहोत. कापसाचा धागा दहा ते वीस मायक्रॉन जाड. पत्र्यातून उडणारा घातक तंतू एका मायक्रॉनहूनही बारीक असतो. डोळ्याला दिसत नाही, नाकातल्या केसांत अडकत नाही, ठसका येत नाही. हवेत तासन् तास तरंगतो आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातो. कापसाची धूळ शरीर थोडीबहुत बाहेर टाकते किंवा जिरवते. हा दगडाचा काटा तिथेच रुतून बसतो.

त्यातून तीन मोठे आजार होतात. फुफ्फुस आवळत जाऊन दम लागण्याचा एक, त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुफ्फुसाचा कर्करोग हा दुसरा. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो झाला तर डॉक्टरांच्या हाती फार थोडे उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरा धरून, माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहेत. "पांढरा प्रकार निरुपद्रवी असतो" असे कोणी सांगत आला, तर तो कोणाच्या पगारावर आहे एवढे विचारून घ्यावे.

बिडी ओढणाऱ्यांनी पुढचे नीट वाचावे. अमेरिकेत या तंतूत काम करणाऱ्या कामगारांची पाहणी १९७९ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट वाढला, नुसत्या धूम्रपानाने सुमारे अकरापट, आणि दोन्ही एकत्र आले तेव्हा पन्नासपटीच्या वर गेला.

हे वाचून आज रात्री अंगणात झोपायला जाण्याची गरज नाही. जो पत्रा अखंड आहे, ज्याला कोणी करवत लावत नाही, जो फुटलेला किंवा झिजून भुसभुशीत झालेला नाही, त्यातला तंतू सिमेंटमध्ये पक्का बसलेला असतो. त्याखाली बसल्याने विषाचा पाऊस पडत नाही. पत्रा कापला, भोसकला, फोडला, घासला, जाळला, वरून बुलडोझर फिरवला की तंतू सुटतो. तीस-चाळीस वर्षांचे ऊनपाऊस खाऊनही वरचा थर झिजतो आणि खालचे तंतू उघडे पडतात. फुटक्या कडेला बारीक पांढुरकी लव दिसते, ती हीच. किती तंतूंपर्यंत धोका नाही, हे आजवर कोणी छातीठोकपणे सांगू शकलेले नाही. एकदा भोक पाडले म्हणून माणूस मरत नाही, पण प्रत्येक भोकाची नोंद फुफ्फुसात राहते.

व्याज तीस वर्षांनी

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. तेव्हा आठ-पंधरा दिवसांत दवाखाने भरले म्हणून सरकारला दिसले, पेपरात आले, मास्क-हातमोजे वाटण्याचे फोटो निघाले. पत्र्याचे विष असे दिसत नाही. आज विशीतल्या पोराने मशीनने पत्रे कापले, तर आजार येईल तो त्याच्या पन्नाशीत. तोवर ठेकेदार गेलेला, दुकान बंद झालेले, पावती हरवलेली. गावचा डॉक्टर क्षय समजून गोळ्या देईल, आणि बिडीला दोष देऊन मोकळा होईल. सावकाराचे व्याज निदान वहीत तरी दिसते.

जगाला हे ठाऊक नव्हते असे नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातल्या धुळीविरुद्ध ब्रिटनने १९३१ साली नियम केले. त्याच दशकात, त्याच ब्रिटिशांच्या राज्यात, आपल्या देशात सिमेंट पत्र्याचे कारखाने उभे राहिले. पुढे कॅनडाने आपल्या संसदेच्या इमारतीतून हा माल उपसून काढला आणि त्याच वेळी खाणीतला माल आपल्याकडे पाठवला. त्यांची शेवटची खाण २०११ साली थांबली, देशात बंदी २०१८ साली आली. युरोपीय संघाने २००५ पासून दार लावले. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली वापर बंद ठरवला, तरी तिथल्या खाणीचा माल आपल्या बंदरात उतरतच राहिला. अमेरिकेने २०२४ साली पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. साठाहून अधिक देशांनी जे घरात घ्यायचे नाकारले, त्याचा जगातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आज भारत आहे.

आपल्या सरकारची चाल तर नमुनेदार. १९८६ साली नवे खाणपट्टे देणे थांबवले, म्हणजे धोका मान्य. पण बाहेरून आणायला मोकळीक, आणि तेही दरसाल लाखो टन. २०११ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय बैठकीत भारताने सांगितले की या मालाला धोकादायक मालाच्या यादीत घालायला आमची हरकत नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. २०१३ साली भारताने शब्द फिरवला. यादीत नाव आले असते तर बंदी आली नसती. विकणाऱ्या देशाला एवढेच करावे लागले असते की घेणाऱ्याला धोक्याची लेखी माहिती द्यायची आणि त्याची संमती घ्यायची. एवढेही नको होते.

२७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यातल्या कामगारांच्या बाजूने चांगला निकाल दिला. अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्याच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, जे नंतरचे असेल तोवर ठेवायची, त्याचा विमा उतरवायचा, आजार ठरला तर भरपाई द्यायची. निकालाचे स्वागतच आहे. पण तो कारखान्याच्या फाटकापर्यंत. फाटकाबाहेर पडलेला पत्रा ट्रकमध्ये चढवणारा हमाल, तो कापणारा गावचा सुतार, वर चढून जे-हूक ठोकणारा सालगडी आणि त्यांचे कपडे धुणारी बाई, यांची नोंद कोणत्या वहीत आहे? परदेशांत अशा कामगारांच्या बायका नवऱ्याचे धुळीचे कपडे झटकून-धुवून मेसोथेलिओमाने मेल्याच्या नोंदी आहेत. त्या स्वतः कारखान्यात कधी गेल्या नव्हत्या.

आम्ही बंदीवाले नव्हे, पण

आपल्या चळवळीतले काही मित्र इथे हरकत घेतील. बियाणे कोणते पेरावे, माल कोणाला विकावा, कोणते तंत्रज्ञान घ्यावे हे ठरवण्याचा हक्क शेतकऱ्याचा, असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा नव्या वाणासाठी आपण भांडलो. मग स्वस्त पत्रा घेण्याचे स्वातंत्र्य का नको? उद्या पर्यावरणवाले म्हणतील पत्रा बंद करा, आणि गरिबाचे छप्पर जाईल.

हरकत खोटी नाही. शहरात स्लॅबखाली बसून खेड्यातल्या छपरावर बंदी सुचवणे सोपे असते, आणि बंदीचा खर्च नेहमी शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो, हा आपला अनुभव. पण स्वातंत्र्य म्हणजे डोळे बांधून उडी नव्हे. वाण निवडताना आपण शेजाऱ्याच्या शेतात बोंडे मोजून पाहतो. एका हंगामात खरे-खोटे कळते, फसलो तर पुढच्या मृगाला बियाणे बदलतो. पत्र्याचे पीक तीस वर्षांनी येते आणि ते एकदाच कापायचे असते. जो विक्रेता ठाऊक असूनही सांगत नाही, तो बाजारात बसलेला व्यापारी नसून मापात मारणारा आहे. मापात मारणाऱ्याला रोखा, असे म्हणताना आपण खुल्या बाजाराचे वैरी होत नाही. आमचे मत स्पष्ट आहे: तंतूची आयात बंद व्हावी. अ‍ॅस्बेस्टॉसशिवायचे सिमेंट पत्रे आज हेच उद्योग बनवतात, म्हणजे अडचण ज्ञानाची नाही. आणि जुने पत्रे उतरवण्याचा खर्च शेतकऱ्यावर टाकू नये. ते होईपर्यंतची वर्षे आपल्याला याच छपराखाली काढायची आहेत, म्हणून पुढचा भाग जास्त महत्त्वाचा.

हात लावण्याआधी

पहिली गोष्ट ओळखण्याची. करड्या रंगाचा, जाड, नागमोडी पत्रा. वाजवला तर मडक्यासारखा आवाज, टिनासारखा नाही. शिक्का वाचता आला आणि त्यात आयएस ४५९ हा आकडा असला, तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच. शिक्का पुसला असेल तर अंदाज करत बसू नये, आहेच असे धरून चालावे. फोडून पाहणे हा ओळखण्याचा मार्ग नाही.

दुसरी गोष्ट तंतूची नाहीच. सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. गळती पाहायला वर चढलेला माणूस पत्र्यासकट खाली आला, पाठीचा कणा मोडला, असे आपल्या पंचक्रोशीत प्रत्येकाने ऐकले आहे. जुना, शेवाळलेला, ओला पत्रा तर वरून धडधाकट दिसतो आणि पाय ठेवताच बिस्किटासारखा मोडतो. पत्र्यावर कधीही पाय द्यायचा नाही. जावेच लागले तर खालच्या दोन बल्ल्यांवर टेकतील अशा लांब, रुंद फळ्या टाकून, त्यांवरूनच, आणि कमरेला पक्का दोर. त्याहून बरे म्हणजे खालून शिडीवर उभे राहून करता येईल तेवढेच करायचे.

नवे भोक पाडायचे टाळा. छताला पंखा, झुला, कापूस तोलायचा काटा लटकवायचा असेल तर तो बल्लीला किंवा लोखंडी पाइपला बांधा. अगदी गत्यंतर नसेल तर विजेचे ड्रिल नको, हातगिरमिट घ्या. जागा आधी पाण्याने चिंब करा, फिरवताना पाणी सोडत राहा, आणि पडणारा चिखल ओल्या फडक्यात धरा. कटर मशीन, ग्राइंडर, विजेची करवत यांना बंदी. ही मोजकी बंदी आम्ही आनंदाने घालतो. या मशीनने एक पत्रा कापला तर जेवढी धूळ उडते तेवढी अखंड पत्र्यातून वर्षानुवर्षे उडत नाही. कापूनच पाहिजे असेल तर ओला करून हातकरवतीने, सावकाश, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. पोरे आणि गुरे लांब. सगळ्यात शहाणपणाचे म्हणजे न कापता बसेल असा आडवा-उभा मेळ लावणे.

आपल्याकडे छपराची कामे वैशाख-ज्येष्ठात निघतात, मृगाआधी. नेमके तेव्हा वावटळी असतात आणि सगळे कोरडेठाक. काम पहाटे, वारा पडलेला असताना करावे. ओले करायला प्रत्येकाच्या घरी साधन आहेच: पाठीवरचा फवारणी पंप. मात्र त्यात कीटकनाशकाचा अंश उरलेला नको. धुऊन-विसळून घेतलेला किंवा त्याच कामाला वेगळा ठेवलेला घ्यावा. पाण्यात थोडी कपडे धुण्याची पावडर टाकली तर पाणी पत्र्यात चांगले मुरते. बारीक तुषार मारावेत, जोराची धार नको. प्रेशरच्या मशीनने पत्रे धुणे हा नवा उद्योग काही ठिकाणी निघाला आहे. शेवाळाबरोबर वरचा थरच सोलून निघतो आणि तंतू अंगणभर होतात.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा दुपट्टा या तंतूपुढे जाळीच्या दाराने डास अडवण्यासारखा आहे. कोरोनातला कापडी मास्कही तसाच. एन-९५ त्याहून बरा, पण या कामासाठी पुरेसा मानत नाहीत. एफएफपी-३ किंवा पी-१०० असे लिहिलेला मास्क लागतो, आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढीतून हवा शिरते. गावात मिळत नसेल तर तालुक्याहून दोन-चार आणून गावकीत ठेवावेत. मिळाला नाही तर काम पुढे ढकलावे. काम झाले की कपडे झटकायचे नाहीत. अंगावरच पाणी मारून ओले करायचे, बाहेरच उतरवायचे, इतर कपड्यांत न मिसळता वेगळे भिजवून धुवायचे. आणि एक सांगणे पुरुषांना: ज्याने अंगावर धूळ घेतली, त्यानेच ते कपडे धुवावेत.

खाली पडलेला भुगा केरसुणीने झाडू नये. पाणी शिंपडून, ओल्या पोत्याने गोळा करावा. पन्हाळीत वर्षभर साचलेला गाळ पावसाळ्यात ओला असतानाच काढावा. उन्हाळ्यात तो पीठ होऊन उडतो.

छप्पर गार राहावे म्हणून वरून चुना मारण्याची चाल चांगली आहे. अखंड पत्र्यावर रंगाचा किंवा चुन्याचा थर राहिला तर झीजही थांबते. पण आधी तारेच्या ब्रशने घासून "साफ" करायची खोड मोडली पाहिजे. ओले करा, सैल शेवाळ ओल्या फडक्याने टिपा, आणि वरून रंग मारा.

उतरवायचाच असेल तेव्हा

पत्रा अखंड उतरवणे हे खरे कसब. आधी दोन्ही बाजूंनी भिजवा. हूक गंजला असेल तर तेल सोडून थांबा. तरी फिरत नसेल तर हूक कापा, पत्रा फोडू नका. सब्बल घालून उचकटायचे नाही, वरून खाली फेकायचे नाही. दोर बांधून एकेक खाली घ्यायचा आणि ताडपत्रीवर सपाट रचायचा. त्यावेळी घरातला कापूस, धान्य, कडबा, अंथरूण-पांघरूण बाहेर काढलेले किंवा मेणकापडाने झाकलेले असावे. कापसात गेलेला तंतू कोणी वेचून काढू शकणार नाही, आणि त्याच गंजीवर पोरे उड्या मारतात.

चांगला निघालेला पत्रा शेजाऱ्याला विकू नका, धुऱ्यावरच्या झोपडीला लावू नका. फुटके तुकडे पांदणीच्या चिखलात भर म्हणून टाकणे, चुलीला आडोसा करणे, कोंबड्यांचे खुराडे झाकणे, उकिरड्यात लोटणे हे सगळीकडे चालते. पांदणीत टाकलेला तुकडा बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली उन्हाळाभर दळला जातो. त्याच्यासारखी पिठाची गिरणी नाही. चुलीजवळचा तुकडा तापून तडकतो. कडब्याच्या गंजीला किंवा कापसाच्या खोलीला आग लागली तर वरचे पत्रे फटाक्यासारखे फुटून लांब उडतात, म्हणून गंजी पत्र्याच्या छपराला लागून रचू नये आणि आग विझल्यावर राख ओली केल्याशिवाय पाय टाकू नये.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली. अशा गारपिटीनंतर तलाठी पिकाचा पंचनामा करतो, घराचाही करतो, पण फुटक्या पत्र्यांचे काय करायचे हे पंचनाम्याच्या कागदात नसते. तुकडे ओले करून जाड पॉलिथिनच्या दुहेरी पिशवीत घाला, तोंड बांधा, वर ठळक लिहा. अखंड पत्रे प्लास्टिकने झाकून, पोरांचा हात लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. कायद्याने अ‍ॅस्बेस्टॉसचा टाकाऊ माल घातक कचऱ्यात मोडतो. कारखान्यांच्या अशा कचऱ्यासाठी राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे सोयी आहेत. पुसद-सेनगावचा कास्तकार दहा फुटके पत्रे घेऊन बुटीबोरीला जाईल, अशी अपेक्षा कोणी करत असेल तर त्याने आधी डिझेलचा भाव विचारावा.

एक जुनी गोष्ट इथेच. काही गावांच्या जुन्या नळयोजनेत आणि पाइपलाइनीत सिमेंटचे अ‍ॅस्बेस्टॉस पाइप आहेत. जमिनीत गाडलेला पाइप कोणाचे वाईट करत नाही. त्यातले पाणी प्याल्याने आजार होतो असा ठोस पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला मिळालेला नाही. फुटला की प्लंबर कोरडाच मशीनने कापतो, तिथे धोका. त्याला पाणी मारायला लावा.

मागायचे कोणाकडे

दक्षिण कोरियाची गोष्ट आपल्याला लागू पडते. तिथे १९७० च्या दशकात सरकारने "नवे खेडे" मोहीम काढली आणि शेतकऱ्यांच्या घरांवरची गवती छपरे काढून अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटची छपरे घातली. प्रगतीची खूण म्हणून फोटो छापले. २००९ साली त्या देशाने अ‍ॅस्बेस्टॉस बंद केला. मग शेतकऱ्यांना दंड केला नाही. २०११ पासून तीच छपरे उतरवून नेण्यासाठी सरकारने पैसे देणे सुरू केले, आणि आजारी पडलेल्यांना मदत देणारा कायदाही त्याच वर्षी लागू झाला. पोलंडमध्येही खेड्यांतली छपरे अशीच. त्यांनी २०३२ पर्यंत देश मोकळा करण्याचा कार्यक्रम आखला आहे. ज्या सरकारने छप्पर घातले त्यानेच ते उतरवावे, यात भीक मागण्यासारखे काही नाही.

आमच्या मते मागण्या चार, आणि क्रम हाच. शाळा आणि अंगणवाड्यांची छपरे आधी, सुट्टीत, पोरे नसताना, प्रशिक्षित माणसांकडून. केरळच्या मानवी हक्क आयोगाने शाळांवरचे असे पत्रे काढण्याची शिफारस २००९ सालीच केली होती. महाराष्ट्राने वाट कशाची पाहावी? मग, गोठा, शेळीपालन, कुक्कुटपालन, घरकुल अशा कोणत्याही सरकारी अनुदानाच्या अंदाजपत्रकात अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा बसता कामा नये, आणि त्यामुळे वाढणारा खर्च अनुदानात धरावा. तिसरे, जोवर विक्री चालू आहे तोवर प्रत्येक पत्र्यावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, धोका आणि कापण्याची रीत छापलेली हवी. चौथे, तालुक्याला एक ठिकाण, जिथे जुना पत्रा फुकट उतरवून घेतला जाईल, आणि त्याचा खर्च पत्रा बनवणाऱ्यांकडून वसूल केला जाईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात दम लागणाऱ्या माणसाला "पत्र्याचे काम केले होते का" एवढे विचारण्याची सवय लावणे यात पैशाचा प्रश्नच नाही. ते उद्यापासून होऊ शकते.

निवेदन कोऱ्या शब्दांचे दिले तर त्याचे काय होते हे आपल्याला माहीत आहे. त्याला आकडे लागतात. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाच्या प्रमुखाने एक कागद आणावा: शाळेच्या, अंगणवाडीच्या, सोसायटीच्या गोदामाच्या छपरावर सिमेंटचे पत्रे किती, त्यांतले फुटके किती, कोणत्या साली बसवले, आणि गावात पत्र्याचे काम करणारे सुतार-मजूर कोण, त्यांचे वय काय. मोजणी खालूनच करायची. वर चढायचे नाही.